‘रिअर विंडो’ : पाहणारे, पाहिले जाणारे आणि वगळलेले

आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात गेल्या वर्षी आल्फ्रेड हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४) दाखविला. नंतरच्या चर्चेत एका विद्यार्थ्याने फळ्यावर पात्रांची यादी लिहिली : एकाकी बाई, नाचणारी तरुणी, अपयशी संगीतकार, नवपरिणीत जोडपे, कुत्रे पाळणारे दांपत्य, संशयित नवरा. वर मथळा दिला, ‘व्यक्तिरेखांचे प्रकार’. त्याला परीक्षेची सवय, त्याचे काही चुकले नव्हते. यादीही बरोबर होती. तरी ती फळ्यावर पाहून मी अस्वस्थ झालो. अशाच कुणीतरी केलेल्या याद्यांमध्ये आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या आहेत. ‘प्रकार’ हा शब्द ज्याला लावला जातो त्याला तो कसा लागतो, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

या चित्रपटावर जगभर भरपूर लिहिले गेले आहे. चोरून पाहण्याची वृत्ती आणि चित्रपट पाहणारा प्रेक्षक यांचे नाते हिचकॉकने कसे उघडे केले, हे बहुतेक समीक्षक सांगतात. ते म्हणणे खोटे नाही. पण त्या चर्चेत ‘पाहणारा’ म्हणजे एकटा माणूस आणि त्याचे मन एवढेच धरलेले असते. पाहणे हीसुद्धा एक समाजव्यवस्था आहे, त्यातही श्रमविभागणी आहे, हे तिथे फारसे कुणाच्या गावी नसते. मला त्याबद्दल बोलायचे आहे.

कथानक थोडक्यात असे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका इमारतीत जेफरीज (जेम्स स्ट्युअर्ट) हा वृत्तछायाचित्रकार पाय मोडून चाकांच्या खुर्चीत बसला आहे. उन्हाळ्याचे दिवस, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. तो वेळ घालविण्यासाठी समोरच्या बिऱ्हाडांकडे पाहत राहतो. त्यातल्या लार्स थॉरवल्ड (रेमंड बर) या खोट्या दागिन्यांच्या फिरत्या विक्रेत्याची अंथरुणाला खिळलेली बायको एकाएकी दिसेनाशी होते. त्याने तिचा खून केला असा संशय जेफरीजला येतो. फॅशनच्या उंची जगात वावरणारी त्याची मैत्रीण लिसा (ग्रेस केली) आणि विमा कंपनीने पाठविलेली नर्स स्टेला (थेल्मा रिटर) या दोघी आधी त्याला हसतात, मग त्याच्याबरोबर खिडकीशी बसतात. डॉइल नावाचा पोलीस मित्र मात्र शेवटपर्यंत पुरावा मागत राहतो. हे सगळे अंगण खरे नाही. हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत, जमीन उकरून तळघरापर्यंत नेऊन, ते उभे केले होते. म्हणजे त्यात कोण राहील आणि कोण राहणार नाही, हे कुणीतरी ठरविले होते.

आता त्या नावांकडे पाहू. जेफरीज समोरच्या बाईला ‘मिस लोनलीहार्ट्‌स’ म्हणतो. नाचणाऱ्या मुलीचे नाव ‘मिस टॉर्सो’, म्हणजे नुसते धड. चित्रपट संपेपर्यंत या बायकांना दुसरे नाव मिळत नाही. ही नावे ठेवण्यासाठी जेफरीजला त्यांच्याशी एक शब्दही बोलावा लागलेला नाही. मधे अंगणाएवढे अंतर आहे, खिडकीची चौकट आहे, आणि बोलणे बहुतेक ऐकू येत नाही. तेवढ्या सामग्रीवर माणसाचा प्रकार तयार होतो. म्हणून मला असे वाटते की प्रकार हा पाहिल्या जाणाऱ्या माणसात नसतो, तो मधल्या अंतरात असतो. आणि ते अंतर तसेच ठेवण्यात पाहणाऱ्याचा फायदा असतो. गावाने आमच्या आज्यापणज्यांना कचऱ्या, धोंड्या, दगड्या ही नावे ठेवली, तीही याच रीतीने. नाव ठेवणारा आपल्या ओट्यावरून उठला नाही.

मिस लोनलीहार्ट्‌सचा एक प्रसंग विद्यार्थ्यांना फार भिडला. ती दोघांचे ताट मांडते, मेणबत्त्या लावते, दार उघडून न आलेल्या पाहुण्याला आत घेते, त्याच्यासमोर प्याला उंचावते. इकडे जेफरीजही तिच्या दिशेने आपला प्याला उंचावतो. ती रडू लागते. जेफरीजला कणव आली आहे यात शंका नाही. पण त्या कणवेतून काही घडत नाही. तो तिला हाक मारीत नाही, चिठ्ठी पाठवीत नाही. आपल्या मध्यमवर्गीय साहित्यात दलितांविषयीचा कळवळा बराच काळ असाच दुरून प्याला उंचावीत आला. त्या कळवळ्याला मी ढोंग म्हणणार नाही. तो बसल्या जागेवरचा होता, एवढेच.

पुढे हीच बाई झोपेच्या गोळ्या समोर घेऊन बसते. तेव्हा तिच्या हातातल्या गोळ्या कोणत्या हे ओळखते ती स्टेला. लांब पल्ल्याचे भिंग जेफरीजचे, पण ओळख स्टेलाची. कारण त्या गोळ्या तिच्या हातातून आयुष्यभर गेल्या आहेत. तिची नजर श्रमातून आलेली आहे. पहिल्याच प्रवेशात ती सांगते की जनरल मोटर्सच्या एका संचालकाची शुश्रूषा करताना, त्याच्या तब्येतीवरून, आपल्याला १९२९ ची मंदी आधीच कळली होती. प्रेक्षक हसतात. मला त्यात विनोदापेक्षा जास्त काही दिसते. धनिकाचे भांडे उचलणाऱ्या बाईला धनिकाचे जे कळते ते अर्थशास्त्रज्ञाला कळत नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांनी कधीतरी बाहेर येऊन स्वतःच्या घरात डोकावून पाहावे, असेही तीच जेफरीजला सुनावते. चित्रपटातला सर्वांत शहाणा विचार नर्सच्या तोंडी आहे.

हिचकॉकवर अन्याय करायचा नाही. आपला नायक माणसांचे प्रकार करतो आहे हे त्याला पुरते ठाऊक आहे आणि तो त्या प्रकारांना तडेही देतो. एका रात्री थॉरवल्ड एका बाईबरोबर बाहेर पडतो ते आपल्याला दिसते, पण जेफरीज तेव्हा झोपलेला असतो. म्हणजे पाहणाऱ्याने सगळे पाहिले हा दावाच फसवा आहे. डॉइल जेव्हा सांगतो की खून झालेला नाही, तेव्हा जेफरीज आणि लिसा यांचे चेहरे पडतात, आणि लिसाच्याच लक्षात येते की एक बाई जिवंत असल्याचे कळून आपण खट्टू झालो आहोत. हा क्षण भयंकर आहे. नंतर कुत्रे मारले जाते. त्याची मालकीण वरच्या जिन्यावरून साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असे ओरडते, शेजारी या शब्दाचा अर्थ तरी तुम्हाला माहीत आहे का, असे विचारते. तोवर जेफरीजच्या खोलीला चिकटून असलेला कॅमेरा इथे अंगणात उतरतो. प्रत्येकाचा चेहरा जवळून दिसतो. नाचणारी मुलगी धड राहत नाही, घाबरलेली मुलगी होते. थॉरवल्ड तेवढा खिडकीशी येत नाही, अंधारात त्याची सिगारेट पेटलेली दिसते.

शेवटी तोही जेफरीजच्या खोलीत येतो. दारात उभा राहून त्याने विचारलेला प्रश्न साधा आहे : तुला माझ्याकडून हवे तरी काय? पैसे हवेत का? माझ्याकडे ते नाहीत. तो खुनी आहे, त्याची बाजू घेण्याचे कारण नाही. पण सबंध चित्रपटात पाहिल्या जाणाऱ्यांपैकी पाहणाऱ्याच्या दारात येऊन जाब विचारणारा तो एकटाच आहे. जेफरीजपाशी उत्तर नाही. तो फ्लॅशचे दिवे पेटवून त्याचे डोळे दिपवितो. पत्रकाराचे हत्यार आहे ते. ज्याने इतके दिवस पाहिले, त्याला स्वतःकडे पाहिले गेलेले सोसत नाही.

तरीही एक अडचण राहते आणि ती लहान नाही. जेफरीजचा संशय खरा ठरतो. खून झालेलाच असतो. म्हणजे चोरून पाहण्याबद्दल कितीही प्रश्न उभे केले तरी शेवटी निकाल पाहणाऱ्याच्या बाजूने लागतो. ज्यांच्यावर संशय घेणे हा इतरांचा नित्यनेम होता त्यांना हा शेवट सहज पचत नाही. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. पारध्याने, कैकाड्याने पोलिसांकडे हजेरी द्यायची, गावात कुठेही चोरी झाली तर आधी त्याची पाले उलथायची. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, या चित्रपटाच्या आधी अवघी दोन वर्षे. कागदावरून तो गेला, डोळ्यांतून गेलेला नाही हे कोणताही कार्यकर्ता सांगेल. संशयाला पुराव्याची जोड हवी म्हणणारा डॉइल चित्रपटात थोडा मंद, थोडा हास्यास्पद दाखविला आहे. आमच्या वस्तीवर तसा एक डॉइल आला असता तर आम्ही त्याचे पाय धुतले असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळतो.

हा चित्रपट कॉर्नेल वुलरिच यांच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेवरून घेतला आहे. ‘इट हॅड टू बी मर्डर’ हे तिचे मूळ नाव. जॉन मायकेल हेज यांनी तिची पटकथा केली. कथेत लिसा नाही, स्टेलाही नाही. तिथे सॅम आहे. सॅम हा नायकाच्या घरी काम करणारा कृष्णवर्णीय नोकर. नायकाला जागेवरून हलता येत नाही, म्हणून जे जे करायचे ते सॅमने करायचे. जुनी दुर्बीण शोधून हातात आणून द्यायची, सॅमने. खुन्याच्या दाराखाली चिठ्ठी सरकवून यायची, सॅमने. खुनी बाहेर गेला की त्याच्या बिऱ्हाडात शिरून सामान किंचित हलवून ठेवायचे, तेही सॅमने. पकडला गेला तर काळ्या माणसाने गोऱ्याच्या घरात शिरण्याची शिक्षा काय झाली असती हे अमेरिकेचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना सांगायला नको. कथाकाराला याची विशेष चिंता नाही. सॅम भोळा, अपशकुन मानणारा, आज्ञाधारक असा रंगविला आहे. आपल्या चित्रपटांतला रामूकाका आठवावा.

चित्रपट करताना सॅम काढून टाकला. त्याची कामे मात्र काढता आली नाहीत, कारण त्यांच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. ती वाटून दिली. दुर्बीण काढून देणे स्टेलाकडे गेले. चिठ्ठी सरकविणे आणि खुन्याच्या घरात शिरणे लिसाकडे गेले. आणि इथे एक चमत्कार घडतो. सॅमने जे केले ते चाकरी होते, लिसाने तेच केले की ते धाडस होते. ती जिना चढून खिडकीतून आत जाते तेव्हा जेफरीजच्या चेहऱ्यावर प्रथमच तिच्याविषयी खरी ओढ दिसते. अकराशे डॉलरचा झगा घालणारी मुलगी आपल्या जगात टिकणार नाही ही त्याची शंका त्या क्षणी फिटते. एका कृतीने लिसा आपल्या ‘प्रकारा’तून सुटली. तीच कृती सॅमने कथेत केली होती, तो सुटला नाही. तो नोकरच राहिला आणि पुढे तर पडद्यावर यायचाही राहून गेला.

कुणी म्हणेल, भोळ्या नोकराचे ते अपमानकारक पात्र गेले हे बरेच झाले. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. अपमानित होऊन दिसावे की मुळीच दिसू नये, हा पेच आमचाही आहे. हॅटी मॅकडॅनिएल या अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’मधल्या दासीच्या भूमिकेसाठी १९४० साली ऑस्कर मिळाले, आणि त्या समारंभात तिला बाकीच्या मंडळींपासून वेगळ्या टेबलाशी बसविले होते. पण चित्रपटात सॅमच्या जागी माणूस म्हणून दुसरा काळा माणूस आला असे झालेले नाही. त्या सबंध अंगणाच्या एकाही खिडकीत कृष्णवर्णीय बिऱ्हाड नाही. जे उरले आहे ते एवढेच : जेफरीज डॉइलच्या घरी फोन करतो तेव्हा मुले सांभाळणारी बाई फोन उचलते. हॉलिवूडने वर्षानुवर्षे काळ्या मोलकरणींच्या तोंडी जी मोडकी इंग्रजी घातली तीच तिची बोली. दोनचार वाक्ये, आणि फोन ठेवला जातो. चेहरा नाही, नाव नाही. ज्या चित्रपटात सगळे दिसण्यावर उभे आहे, त्यात ही बाई दिसत नाही.

त्या भागात काळी माणसे राहतच नव्हती, असे म्हणून सुटका होत नाही. ग्रीनिच व्हिलेजमध्ये एकोणिसाव्या शतकात काळ्यांची मोठी वस्ती होती. आणि चित्रपटाआधी काही वर्षे, १९४५ साली, ‘नेटिव्ह सन’चा लेखक रिचर्ड राइट याने तिथे घर घेतले. ते त्याला एका कंपनीच्या नावाआडून घ्यावे लागले, कारण घेणारा काळा आहे हे कळते तर व्यवहार झाला नसता. १९४७ साली तो देश सोडून पॅरिसला गेला. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतल्या, जात लपवून सवर्णाच्या घरी खोली घेणाऱ्या तरुणाची इथे आठवण न होणे अशक्य आहे. त्या तरुणाने जात चोरली, राइटला रंग चोरावा लागला. शेजाऱ्याच्या खिडकीकडे पाहण्याची कथा हिचकॉकने सांगितली. खिडकीआड पाहिले जाण्याची कथा बागुलांनी सांगितली. दोन्ही शेजारी ठेवून शिकविल्या पाहिजेत असे माझे मत आहे.

१९५४ हे वर्षही विसरता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात लिसा जीन्स घालून हिमालयावरचे एक प्रवासवर्णन वाचताना दिसते आणि जेफरीज झोपल्याची खात्री होताच ते ठेवून फॅशनचे मासिक उघडते. ते प्रवासवर्णन विल्यम डग्लस यांचे आहे, आणि डग्लस हे तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक होते. हा योगायोग आहे, मी त्यावर काही उभारू इच्छीत नाही. पण तो दिसल्यावर नजरेआड करणेही जमले नाही.

सॅमबद्दल मला इतके का लागले, ते सांगतो. माझे आजोबा तरुणपणी गावची येसकरकी करीत. १९५८ च्या कायद्याने वतने गेली तोवर हे चालले. घुंगराची काठी घेऊन रात्री वेशीवर पहारा द्यायचा, सरकारी निरोप पुढच्या गावी पोचवायचा, कुणी मेले तर सोयऱ्यांना खबर द्यायला दहा दहा कोस चालत जायचे. गावाचे डोळे आणि गावाचे पाय ते होते. आणि ज्या घरांसाठी रात्रभर जागायचे त्या घरांच्या उंबऱ्यापलीकडे पाहण्याची मुभा नव्हती. एकदा वाड्यात आत काही खडबडले तेव्हा, “बाहेरूनच हाक मार, आत पाय टाकू नको,” असे त्यांना सुनावले गेले होते. चोर आत आणि पहारेकरी बाहेर. हे ते हसत सांगत. मी बी.ए.ला असताना पहिल्यांदा त्या हसण्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. सॅमची दुर्बीण, त्याची चिठ्ठी, त्याचा तो चोरपावलांचा जिना वाचताना मला परका माणूस भेटला नाही. १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेवरून ‘पँथर’ हे नाव घेतले, त्या नात्याला जागायचे तर सॅम कुठे गेला हे विचारणे आपलेच काम आहे.

एवढे सगळे मी वर्गात मांडले तेव्हा ज्याने यादी लिहिली होती तो मुलगा म्हणाला, “सर, पण पिक्चर भारी आहे.” आहेच. मी चार वेळा पाहिला आहे आणि लिसाच्या पाठीमागे थॉरवल्ड दार उघडून आत येतो तेव्हा चारही वेळा माझा श्वास अडकला आहे. कलाकृती थोर आहे म्हणून तिच्यातली रिकामी खिडकी पाहायची नाही आणि रिकामी खिडकी दिसली म्हणून कलाकृतीच नाकारायची, या दोन्ही सवयी आपल्यात आहेत. दुसरी सवय आपल्या नियतकालिकांतूनही बोकाळली होती हे मान्य केले पाहिजे. नकाराने आपल्याला उभे केले हे खरे, पण बारकाईने पाहण्याचे कष्ट नकाराने वाचत नाहीत.

यंदा चित्रपट दाखविण्याआधी वुलरिचची कथा मराठीत तोंडी सांगून मग पडदा लावला. चर्चेनंतर दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने स्वतःहून एक काम घेतले आहे. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांत दार उघडणारे, चहा आणणारे, फोन उचलून “साहेब घरी नाहीत” म्हणणारे जे लोक आहेत त्यांची ती नोंद करते आहे : नाव आहे का, आडनाव आहे का, खोली दाखविली आहे का, जेवताना दाखविले आहे का. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. शेवटचे दोन रकाने आईने सुचविले, असे तिने मला सांगितले.